काकांना समाजमंदिर हवंय, मला ती शाळेची खोली

वाचकाचं पत्र :

माझं माहेर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका आगरी गावात, सासर कळव्याला. गावात जुनी शाळा आहे. शाळा म्हणजे एकच खोली. काळ्या दगडाचं जोतं, जाड भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी. आजोबांच्या पिढीने ती श्रमदानाने बांधली. दगड डोंगराकडून बैलगाडीने आणि लाकूड खाडीतून होडीने आलं, असं घरात सांगतात. बाबा आणि त्यांची सगळी भावंडं तिथेच शिकली. महापालिकेची मोठी शाळा झाल्यापासून खोली बंद आहे. कौलं फुटलीत, रात्री तिथे दारू पिणारी पोरं बसतात. आता गावकमिटीने ती पाडून समाजमंदिर बांधायचं ठरवलंय. निधी मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि पुढाकार माझ्या थोरल्या काकांचाच आहे. मी म्हटलं, हा आपला वारसा आहे. काका म्हणाले, "ताजमहाल आहे का तो? आणि तू सासरी गेलेली, तुला गावच्या कामात काय बोलायचंय?" तेव्हापासून आमचं बोलणंच बंद झालंय. अशा पडक्या खोलीला खरंच वारसा म्हणता येतं का? की मी उगाच भावनेच्या भरात घरात वितुष्ट आणतेय?
— एक माहेरवाशीण, कळवा

ताई,

हो, त्या खोलीला वारसा म्हणता येतं. त्यासाठी ताजमहालाशी बरोबरी करायची गरज नाही. तुमच्या बोलण्याच्या हक्काबद्दल तर शंकाच नको. ज्या गावात जन्मलात, जिथल्या शाळेसाठी तुमच्या आजोबांनी दगड वाहिले, त्या शाळेविषयी बोलायला माहेर-सासरचा दाखला लागत नाही. पण काकांशी ज्या वाटेने वाद गेला, ती वाट सोडा. वारसा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले आणि लेणी येतात, आणि त्यांच्या शेजारी आपली खोली बिचारी दिसते. त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवा: ही खोली कुणी बांधली?

गावातली शाळा सरकारने आयती आणून दिली, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलाय. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घ्यायला सुरुवात झाली आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे ज्याच्या घरात अक्षरओळख नव्हती तो शेतकरीही शाळेसाठी पैसे भरत होता. १८८४ मध्ये लोकल बोर्डं आली, १९२३ च्या कायद्यानंतर शाळांचा कारभार जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे गेला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तुमच्या काकांच्या वयाची माणसं आजही "बोर्डाची शाळा" म्हणतात, ते या जुन्या काळामुळे. या सगळ्या बदलांत मास्तरांचा पगार वरून येत राहिला. इमारतीचं मात्र तसं नव्हतं. कित्येक गावांत वर्ग देवळात, चावडीवर, नाहीतर कुणाच्या तरी ओटीवर भरायचा. गावाने मनावर घेतलं की शाळेला स्वतःचं छप्पर मिळायचं. कुणी जागा द्यायची, कुणी लाकूड, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने भातकापणी उरकल्यावर चार दिवस अंगमेहनत.

तुमच्या भागात या गोष्टीला आणखी धार आहे. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भाताची शेतं गेली, खाजण गेलं, मिठागरं गेली, पिढ्यान्‌पिढ्या राखलेले खारबांध गेले. गावठाण तेवढं राहिलं, आणि त्यातही जागेच्या टंचाईने घरं एकावर एक मजले चढवत गेली. देवळांचे जीर्णोद्धार झाले, त्यांना फरशा आणि स्लॅब आले. शहर उभं राहण्याआधी गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्यांसाठी म्हणून जे बांधलं, त्यातलं जसंच्या तसं काय उरलंय, हे काकांना विचारून बघा. माझा अंदाज आहे की विहीर बुजली असेल किंवा जाळीने झाकली असेल, आणि उत्तर या खोलीपाशीच येऊन थांबेल.

तिचं मोल मी इथे धरतो. शोभेत ती कमी असेल, वयानेही फार मोठी नसेल. पण एका गावाने पोटाला चिमटा काढून पोरांच्या शिक्षणासाठी जे केलं त्याचा उभा पुरावा दुसरा नाही.

दूरचं एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या खोलीला फार जवळचं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांना धड शाळा नव्हत्या. १९१२ ते १९३२ या काळात शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांची कल्पना आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा पैसा यांतून तिथे सुमारे ५,००० छोट्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक एका-दोन शिक्षकांच्या. रोझेनवाल्ड यांची मदत पूर्ण खर्चाची नव्हती. गावातल्या लोकांनीही आपला वाटा घालायचा होता. कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांनी तो पैशात, लाकडात, मजुरीत घातला. पुढे शाळा एकत्र झाल्या, खोल्या ओस पडल्या आणि बहुतेक पडूनही गेल्या. २००२ मध्ये तिथल्या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्यांचं नाव सर्वाधिक धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत घातलं. त्यानंतर जिथे जिथे माजी विद्यार्थी पुढे आले तिथे त्या खोल्या गावाची सभागृहं झाल्या, छोटी संग्रहालयं झाल्या. साध्या फळ्यांच्या भिंती आहेत त्या. त्यांचं मोल कुणी बांधल्या यात आहे.

आपल्याकडच्या कायद्यातही अशा वास्तूला जागा आहे. केंद्राच्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, म्हणून "अजून शंभर कुठे झालीत" असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. महापालिकेची वारसा यादी त्या अटीवर चालत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे, आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिका तिच्याखाली येतात. वास्तूंचे तीन दर्जे आहेत. तिसरा दर्जा परिसराची ओळख ठरवणाऱ्या आणि एखाद्या समाजाच्या किंवा प्रदेशाच्या राहणीचं प्रतिनिधित्व करणाऱ्या वास्तूंसाठी आहे. तुमची खोली त्या वर्णनात बसते, असं मला वाटतं. आयुक्तांच्या नावे अर्ज जरूर करा, सोबत फोटो आणि दोन पानांची माहिती द्या, पोच घ्या. पण सगळा भार त्या अर्जावर टाकू नका. यादी, हरकती-सूचना, समिती, शासनाची मंजुरी यात काळ जातो, आणि समाजमंदिराचा निधी त्याच्या आधी येईल.

अर्जाच्याही आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणातल्या शाळांचं हे नेहमीचं दुखणं आहे: जागा कुणीतरी तोंडी दिली, बक्षीसपत्र झालंच नाही, कागदावर भलतंच नाव. सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका असेल तर तीही काढा. भूमी अभिलेख कार्यालयात नकाशा मिळेल. जिल्हा परिषदेकडून महापालिकेकडे इमारत कधी आणि कशी वर्ग झाली, त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इमारत महापालिकेच्या मालकीची निघाली तर गावकमिटीला ती परस्पर पाडताच येणार नाही, आणि मग तुमचं बोलणं घरातल्या भांडणाच्या पातळीवर राहणार नाही.

आता सगळ्यात निकडीचं. इमारतीच्या आधी शाळेचं दप्तर वाचवा.

खोली बंद झाली तेव्हा तिथली कागदपत्रं नव्या शाळेत गेली असतील. काही लाकडी पेटीत तिथेच राहिलीही असतील. जनरल रजिस्टर, हजेरीपट, तपासणीला येणाऱ्या साहेबांचं शेरेबुक. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, वडिलांचा धंदा, शाळेत आल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. गावाचा इतका तपशीलवार इतिहास दुसरीकडे कुठेही लिहिलेला सापडणार नाही. मुली कधीपासून दिसायला लागतात, किती मुली दुसरीतच गळतात, कारणाच्या रकान्यात "घरकाम" किती वेळा येतं, "मिठागर" किती वेळा, हे वाचत गेलात की काकांच्या पिढीचं सगळं बालपण समोर उभं राहतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही नोंदी मोडीतही असतात. मोडी वाचणारी माणसं ठाण्यात भेटतात.

आणि या रजिस्टरची किंमत काकांना पटवायला वारशाची भाषा लागणारच नाही. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि जमातींना ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीसाठी लोक किती हेलपाटे घालतात हे गावकमिटीतल्या प्रत्येकाने घरात अनुभवलं असेल. २०२३ मध्ये शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हाही जुन्या शाळांची रजिस्टरं बाहेर निघाली. मुख्याध्यापकांना भेटा, रजिस्टर कुठे आहे ते विचारा, त्यांच्यासमोर आणि त्यांच्या परवानगीने पानापानाचे फोटो काढा. फाटक्या पानांना सेलोटेप लावू देऊ नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्हींनी कागद कायमचा जातो. आणि ही पानं व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात माणसांच्या जातीची, जन्माची खासगी माहिती आहे. मूळ रजिस्टर शाळेच्याच ताब्यात, कोरड्या कपाटात राहू द्या.

खोलीकडे वळू. एक दिवस काकांना सोबत घेऊन आत जा, आणि मोबाइलचा टॉर्च लावून नीट बघा. छपरावरचं निखळलेलं एखादं कौल उलटं करा. मंगलोरी असेल तर पोटाला कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि मग पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे असे कारखाने झाले. होड्यांतून ती कौलं कोकणपट्टीभर पोचली. त्या नावावरून खोलीच्या वयाचा अंदाज बांधता येतो, अर्थात कौलं नंतर बदललेली नसतील तर. मग भिंतीतला फळा बघा. जुन्या खोल्यांत तो वेगळा टांगलेला नसायचा, गिलाव्यावरच काळा रंग दिलेला असायचा, आणि त्याची खालची कड हातांनी झिजलेली असते. एकाच खोलीत चार इयत्ता बसायच्या, म्हणून कधी कधी दोन भिंतींवर दोन फळे असतात: पहिली-दुसरीची तोंडं एकीकडे, तिसरी-चौथीची दुसरीकडे. कोनाडे, खुंट्या, दाराच्या चौकटीवरची कोयंड्याची खूण, पडवीत टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा घंटेसाठी असेल तर तो. नावाच्या पाटीवर रंगांचे थर असतील. "जीवन शिक्षण मंदिर" असं काही खालच्या थरात दिसलं तर तो बुनियादी शिक्षणाच्या, म्हणजे गांधीजींच्या विचारातून आलेल्या हस्तकामातून शिकवण्याच्या पद्धतीच्या, काळाचा माग आहे. यातल्या प्रत्येकाचा फोटो काढा, आणि काका जे बोलतील ते रेकॉर्ड करा. कोण कुठे बसायचं, मास्तर कुणाकडे उतरायचे, जेवण कुणाकडचं यायचं.

कोण कुठे बसायचं हे मी मुद्दाम म्हणतोय. अशा खोल्यांची गोड आठवण काढताना एक गोष्ट सोडून दिली जाते. सगळ्यांना सारखंच आत घेतलं जात नव्हतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असं त्यात होतं. अशा ठरावाची गरज पडली यातच सगळं आलं. तुमच्या गावातल्या दलित आणि कातकरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा की ती कुठे बसायची, पडवीत की खोलीत, आणि शाळेत आलीच का. त्यांच्या वाट्याचं उत्तर कडू असलं तरी ते नोंदवल्याशिवाय या खोलीचा इतिहास सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलींचंही तेच. तुमच्या आत्या किती शिकल्या?

डागडुजीबद्दल थोडं, कारण काकांचा खरा मुद्दा इथे आहे आणि तो खोटा नाही. गळकं छप्पर, सापकिरडू, दारू पिणारी पोरं: हे धोके आहेत. खोली धोकादायक ठरवून पाडायचा प्रस्ताव येईल तेव्हा ती कोणत्या वर्गात टाकली हे विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कुणी तपासलं आणि कसं तपासलं तेही विचारा. आरसीसी इमारतीच्या चाचण्या दगड-चुन्याच्या भिंतीला लावून उपयोग नसतो. चुन्याचं बांधकाम जाणणारा अभियंता किंवा जतनाचं काम केलेला वास्तुविशारद बघून गेला पाहिजे. भिंत ओळंब्यात आहे का, जोतं खचलंय का, आढं आणि तुळई वाळवीने पोखरली का, एवढं आधी कळू द्या. फुटक्या कौलांतून पाणी वाशांवर पडत राहणं हेच अशा खोल्यांच्या मरणाचं सर्वांत मोठं कारण, आणि त्याचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. मृगाच्या आधी शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून छप्पर पुन्हा नीट लावणं, करून घ्या. तुमच्याकडे आता ते काम करणारे उरले नसतील, पण मुरबाड-शहापूरकडे कौलारू घरं अजून आहेत आणि कौलं चाळणारे हातही. यंदा तेवढं जमलं नाही तर निदान जाड ताडपत्री पक्की बांधा.

एक मात्र होऊ देऊ नका. उत्साहाच्या भरात कुणीतरी सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारून देतो म्हणेल. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि काही पावसाळ्यांत गिलावा दगडासकट सुटतो. सांधे चुन्यानेच भरायचे, भिंतीला चुन्याचीच सफेदी.

पण शाकारलेली, रंगवलेली आणि कुलूप लावलेली खोलीही पुन्हा पडणारच. तिला रोजचा वापर हवा. ती पुन्हा शाळा होणार नाही, हे मनाशी पक्कं करा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६० पटापर्यंत किमान दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि शिवाय मुख्याध्यापक-कार्यालयाची खोली लागते. त्याआधी १९८७ च्या खडू-फळा योजनेनेही दोन खोल्या, दोन शिक्षक हाच आग्रह धरला होता. मला तो योग्य वाटतो. एका मास्तराने चार इयत्ता सांभाळायच्या, शिवाय शिरगणतीही करायची, यात मुलांचं नुकसान होतंच होतं. त्या खोलीतली एक गोष्ट मात्र खरंच शिकण्यासारखी होती: चौथीचा मुलगा पहिलीच्या मुलाला बाराखडी घटवून घ्यायचा. ही रीत आपल्या पंतोजींच्या शाळांत फार जुनी. १७९० च्या दशकात अँड्र्यू बेल मद्रासहून ती इंग्लंडला घेऊन गेले आणि तिथे तिचं नाव 'मद्रास पद्धत' पडलं.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अशा एकखोली शाळा अजून चालू आहेत, आणि २०२३ पासून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाल्यावर तिथले पालक धास्तावले. जिथे मुलं आहेत तिथे शाळा शाळा म्हणूनच राहिली पाहिजे. वारशाचं पुढचं पुढे. तुमच्याकडे प्रश्न तो नाही.

तुमच्याकडे अभ्यासिका हवी आहे. गावठाणातल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडं यांच्यात दहावी-बारावीचं आणि स्पर्धा परीक्षेचं पोरगं कुठे बसून वाचणार? जाड भिंती आणि उंच कौलारू छपरामुळे ती खोली दुपारीही थंड राहते. चार टेबलं, दिवे, दोन पंखे, पाण्याची टाकी, सकाळी सहा ते रात्री दहा कुणीतरी किल्ली सांभाळणारं. दारू पिणारी पोरं तिथून आपोआप उठतील, कारण त्यांच्याच धाकट्या बहिणी तिथे अभ्यासाला बसलेल्या असतील. दुपारी खोली म्हाताऱ्या बायांना द्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या साठी-सत्तरीच्या बाया पाटी-दप्तर घेऊन एका छोट्याशा खोलीत सही करायला शिकल्या. तुमच्या गावातही दुसरीत नाव कमी झालेल्या आज्या असतील. ज्या खोलीतून त्यांना उठवलं त्याच खोलीत परत बसायचं म्हटल्यावर त्यांच्या घरचे लोक तुमच्या बाजूने येतील, याची मला खात्री वाटते.

समाजमंदिराला विरोध करू नका. हळदीला, दशक्रियेला, पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला गावाला जागा लागतेच, आणि हॉलचं भाडं सगळ्यांना झेपत नाही. काकांची मागणी न्याय्य आहे. फक्त ते त्याच चार भिंतींवर का, एवढंच विचारायचं. शाळेचं पटांगण असेल तर खोलीच्या मागे किंवा बाजूला समाजमंदिर बसतं का, हे एखाद्या वास्तुविशारदाकडून कागदावर काढून घ्या. आर्किटेक्चर कॉलेजांतली मुलं शिकताना जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन आराखडे काढतात. नवी मुंबईत आणि मुंबईत अशी कॉलेजं आहेत, विभागप्रमुखांना पत्र लिहिलंत तर ती आनंदाने येतील. तो आराखडा हातात असला की बैठकीत तुम्ही 'नको' म्हणत जाणार नाही, दोन्ही इमारती असलेला नकाशा घेऊन जाल. निधीचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा आहे म्हणता, म्हणजे जागेचा नकाशा बदलायला अजून वाव आहे. मंजुरीनंतर तो फार अवघड होतो.

घाई करायला मी का सांगतोय ते पुण्याच्या भिडे वाड्यावरून कळेल. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १ जानेवारी १८४८ ला तिथे मुलींची शाळा सुरू केली. एवढं मोठं नाव असूनही वाडा वर्षानुवर्षं वादात अडकला, मोडकळीला आला, आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. स्मारक व्हायलाच हवं. पण ज्या भिंतींत त्या मुली बसल्या होत्या त्या आता कुणाला बघता येणार नाहीत. तुमच्या खोलीच्या पाठीशी तर असं नावही नाही.

काकांशी बोलताना बैठकीत बोलू नका, चारचौघांत त्यांना माघार घेता येणार नाही. घरी जा, काकी असताना जा. आधी आजोबांविषयी विचारा: दगड कुठल्या खाणीतून आले, मुकादम कोण होता, लाकडाचे पैसे कुणी दिले. त्यांच्या वयाच्या माणसाला हे विचारणारं घरात बहुधा कुणी उरलेलं नसतं. रजिस्टरमधलं त्यांचं स्वतःचं नाव, दाखल झाल्याची तारीख, सापडलं तर त्या पानाची प्रत घेऊन जा. अभ्यासिकेला नाव द्यायची वेळ येईल तेव्हा ते आजोबांच्या पिढीच्या सगळ्या घरांचं असू द्या, एकट्या तुमच्या घराचं नको. नाहीतर भावकीत नवा वाद सुरू होईल. आणि पहिल्या बैठकीचं अध्यक्षपद काकांनाच द्या. पुढाकार त्यांचा आहे, तो त्यांच्याकडेच राहिला तर काम पुढे जाईल. तुम्ही अर्ज, नकाशा आणि फोटो सांभाळा.

भूमी अभिलेखातून नकाशा हाती आला की त्याची प्रत आणि खोलीचे चारही बाजूंचे फोटो मला पाठवा, विशेषतः मागच्या भिंतीचे. ओल कुठवर चढलीय ते बघून शाकारणीच्या आधी आणखी काय करावं लागेल ते सांगतो.